संक्रांतीच्या वाणाची थैली: घरच्या कापडातून, बाजार पेलेल अशी

ओटीत आलेली ब्लाउजपिसं पुढे कुठे जातात, हे घराघरातल्या बाईला ठाऊक असतं. ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात जातात आणि तिथून पुढच्या ओटीत. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मोरपंखी पीस आलं, त्याच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. तो डाग माझ्याच बोटाचा. नागपुरात महाल, सक्करदरा, मानेवाडा असं कुठे कुठे फिरून पीस बिचारं माहेरी परतलं होतं. त्या दुपारी मी गठ्ठा काढून मोजला तर सव्वीस पिसं निघाली. वाण म्हणून काय लुटायचं, हा दरवर्षीचा प्रश्न तिथेच सुटला.

तेव्हापासून संक्रांतीला मी शिवलेल्या थैल्या देते. तिळगुळासाठी नाडीची लहान पोटली आणि अगदी जवळच्यांना बाजाराची मोठी थैली. दोन्ही साध्या मशीनवर होतात, झिगझॅग नसलेल्या जुन्या काळ्या मशीनवरसुद्धा. सरळ टीप मारता येत असेल तर पुढचं सगळं जमेल. हीच मापं दिवाळीच्या फराळाला चालतात, नाताळच्या केकलाही चालतील.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे. थैली पुन्हा वापरली जाईल की नाही, हे तिच्यावरच्या फुलांवर ठरत नाही. ते पट्ट्याच्या मुळाशी आणि तळाच्या कोपऱ्यांत ठरतं. तिथे कसूर झाली की थैली दोन दिवस कौतुकाची आणि मग फडताळातली. म्हणून लेस, टिकल्या, गोंडे यांत वेळ घालवायच्या आधी त्या दोन जागा पक्क्या करा.

कापड: काय घ्यावं, काय टाकावं

ब्लाउजपिसं पोटलीला उत्तम, बाजाराच्या थैलीला कुचकामी. त्यांचं कापड पातळ असतं, पाच किलो वजन ओढलं की धागे सरकतात. गठ्ठ्यातली टू-बाय-टूची सुती पिसं आधी वेगळी काढा, ती शिवायला सोपी. चमकदार, सरकणारी पिसं मशीनखाली पळतात. नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मोठ्या थैलीला मांजरपाट, जाड खादी, जुनी जीन्स, जुने पडदे किंवा पलंगपोस घ्या. पलंगपोस उजेडाकडे धरून बघा. मधला भाग झिजून जाळीदार झालेला असतो, तो सोडायचा. कडांचं कापड बहुतेक वेळा धडधाकट निघतं. माझ्या आजीच्या ट्रंकेत मिलच्या मांजरपाटाचा एक तागा होता. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल या शहराला कापड पुरवत होती आणि कामही. तो तागा कुठल्या मिलचा हे आजीला विचारायचं राहून गेलं, पण त्याची एक थैली अजून माझ्या वापरात आहे.

नवं कापड घ्यायचं तर गांधीबाग आणि इतवारी. मीटरवर घेणार असाल तर दुकानदाराला आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, भाव नंतर. पन्हा ३६ इंच की ४४, यावर थैलीचा सगळा हिशेब फिरतो. नाडी, लेस, टाचण्या असलं किरकोळ सामान सीताबर्डीवर मिळतं. पण त्याआधी तुमच्या नेहमीच्या टेलरकडे एक चक्कर टाका. त्याच्या मशीनखालच्या पोत्यात अशी कापडं पडलेली असतात की आपण बघत राहावं.

एका फसवणुकीपासून सावध. दुकानांत कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत, किंचित खरखरीत नॉन-वोव्हन पिशव्या मिळतात. त्या कापडी नाहीत, पॉलिप्रॉपिलीनच्या म्हणजे प्लास्टिकच्याच आहेत. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ मध्ये बंदी आली, देशभरात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्या ३१ डिसेंबर २०२२ पासून बंद झाल्या, आणि या वेशांतर केलेल्या पिशव्या मात्र हळदीकुंकवात मानाने फिरतात. कापडाबद्दल शंका आली तर चार धागे उसवून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा आणि मागे भुरभुरीत राख. पॉलिस्टर वितळतं आणि काळी टणक गोळी होते. पॉलिस्टर टिकाऊ असतं, वाईट नाही, पण घरातल्या जुन्या कापडाबाबत आपल्या हाती नेमकं काय आहे हे कळलेलं बरं. इस्त्री किती तापवायची हे त्यावरच ठरतं.

कापायच्या आधी धुवा. ही पायरी सगळे टाळतात. मीही टाळली होती. नव्या सुती कापडात खळ असते, धुतल्यावर ती निघते आणि कापड आटतं, लांबीत जास्त. न धुता शिवलेली थैली पहिल्याच धुण्यात मुरडते, कारण अंग एक माप आटतं आणि पट्टा दुसरं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी साबणाने धुवा, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. लाल, मरून, गडद निळी पिसं वेगळी भिजवा. वाळल्यावर पांढरा रुमाल ओला करून त्यांवर घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर पीस आणखी दोनदा धुवा, तरीही लागला तर ते परत ओटीच्या गठ्ठ्यात.

हत्यारं थोडीच लागतात

टेप, खडू, चांगली कात्री, टाचण्या, एक मोठी सेफ्टी पिन, इस्त्री. कात्री कापडाचीच ठेवा. घरातल्या कुणी तिने दुधाची पिशवी कापली तर भांडण करायला हरकत नाही.

सुई कापडाप्रमाणे बदला. ब्लाउजपिसाला ११ नंबर, मांजरपाट आणि खादीला १४, जीन्सला १६. जीन्सवर ११ नंबरची सुई चालवली तर ती तुटते, आणि तुटलेलं टोक कुठे उडेल सांगता येत नाही. दोरा पॉलिस्टरचा घ्या, वजन पेलायला तो सुती दोऱ्यापेक्षा बरा. टीप इंचाला आठ ते दहा टाके पडतील एवढी ठेवा. फार बारीक टीप मजबूत असेल असं वाटतं, पण जाड कापडात ती ओळीने भोकं पाडते आणि कापड तिथून पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

नाडीची पोटली

तयार पोटली सात इंच रुंद, नऊ इंच उंच. तिळगुळाची लहान डबी, हळदीकुंकवाची पाकिटं आणि वर एखादं संत्र सहज मावतं.

एका पोटलीला ८ बाय २१ इंचांचा एकच तुकडा लागतो. तळाला घडी येते, शिवण नाही. त्यामुळे तळ उसवायचा प्रश्नच उरत नाही. ८० सेंटिमीटरचं, म्हणजे साडेएकतीस इंचांचं पीस असेल आणि पन्हा ३६ असेल तर त्यातून असे चार तुकडे निघतात. पन्ह्याच्या ३२ इंचांत शेजारी शेजारी चार, लांबी प्रत्येकी २१. बाजूला चार इंचांची उभी पट्टी उरते आणि खाली साडेदहा इंचांचा आडवा तुकडा. हे फेकायचं नाही, यातून नाड्या होतात. दीड दीड इंचाच्या पट्ट्या कापा. खालच्या तुकड्यातून सात, बाजूच्या पट्टीतून दोन, एकूण नऊ. चार पोटल्यांना लागतात आठ. एक उरते, ती बिघडलेल्या नाडीच्या जागी. तुमचं पीस धुऊन आटलं असेल तर आकडे थोडे हलतील, म्हणून आधी टेप लावा, मग खडू.

आता शिवणं. तुकडा सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडा, दोन्ही आखूड कडा वर जुळवा. वरच्या कडेपासून दोन इंच खाली दोन्ही बाजूंना खडूने खूण करा. त्या खुणेपासून तळाच्या घडीपर्यंत अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, सोडून टीप मारा. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलट मारून पक्के करा. दोन्ही बगला झाल्या की वरचा मोकळा राहिलेला दोन इंचांचा भाग आतल्या बाजूला दुमडून, इस्त्री करून, इंग्रजी व्ही सारखी टीप मारा: एका बाजूने खाली, शिवणीशी आडवे दोन-तीन टाके, दुसऱ्या बाजूने वर. नाडी इथूनच बाहेर येणार आहे आणि घाईत ओढली जाणार आहे, त्यामुळे ते आडवे टाके विसरू नका.

मग नेफा, म्हणजे नाडी ओवायची पोकळ दुमड. वरची कड आधी अर्धा इंच दुमडा, मग एक इंच, इस्त्री करा आणि खालच्या कडेला लागून टीप मारा. पुढचा आणि मागचा नेफा वेगळा शिवायचा. पहिल्यांदा मी घाईत दोन्ही थर एकत्र शिवून पोटलीचं तोंडच बंद केलं होतं, वर काकू बघायला उभ्या. "काय करून राहिली वो तू? उशी शिवतं का?" वरच्या मजल्यावरच्या या काकूंनी आयुष्यभर शिवण केलं आहे. त्यांच्यासमोर शिवताना हात कापतो.

नाडीची पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या रेषेपर्यंत आणा, परत मिटवा. चार थरांची, पाऊण सेंटिमीटरपेक्षा थोडी रुंद नाडी होते. कडेने एक टीप. लांबी बावीस इंच ठेवा. एक नाडी डावीकडून घाला, पुढच्या नेफ्यातून जाऊन मागच्या नेफ्यातून डावीकडेच बाहेर काढा, टोकांना गाठ. दुसरी तशीच उजवीकडून. सेफ्टी पिन टोकाला अडकवली की ती नेफ्यातून सरकवणं सोपं जातं. दोन्ही बाजूंना ओढलं की तोंड आवळतं आणि गाठ न मारताही बंद राहतं. एका नाडीची पोटली लवकर होते खरी, पण ती आवळताना तिरपी होते आणि सुटते. दोनच घाला.

आतल्या कच्च्या कडा तशाच सोडल्या तर दोन धुण्यांत दशा निघतील. मशीनला झिगझॅग असेल तर मारा, नसेल तर जवळच्या पिको-फॉलच्या दुकानात पिको करून घ्या. किंवा रात्री गप्पा मारत हाताने तिरपे टाके घाला. पंचवीस पोटल्या असतील तर मी पिकोवालीकडे जाते.

सजवायचंच असेल तर संक्रांतीची सोय मोठी आहे. वर्षभर ज्या काळ्याला शुभकार्यात नाही म्हणतात, तो या सणाला हौसेने नेसतात. काळ्या पिसाच्या पोटलीवर पांढऱ्या दुहेरी दोऱ्याने विखुरलेले गाठीचे टाके घाला, म्हणजे काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दाणे सांडल्यासारखं दिसतं. खर्च शून्य. हे टाके शिवण्याच्या आधी, कापड सपाट असताना घालायचे, नाहीतर सुई मागच्या थराला टोचून पोटली स्वतःलाच शिवून बसते.

बाजाराची थैली

हिचं माप मी तीनदा बदललं. पहिल्या थैलीचे पट्टे खांद्याला अडकतील एवढे लांब होते. नागपुरात थैली खांद्यावर फार कमी वेळ असते, ती बहुतेक वेळ गाडीच्या हुकला टांगलेली असते. लांब पट्ट्याची थैली पायाशी लोळते आणि वळताना पायात येते. आता पट्टे आखूड ठेवते, मनगटातून जातील आणि हुकला अडकतील एवढेच.

या मापात एक गंमत आहे. ४४ इंच पन्ह्याचं कापड ३८ इंच लांब कापलं की त्यातून दोन अख्ख्या थैल्या पट्ट्यांसकट निघतात. १७ इंच रुंदीची दोन अंगं मिळून ३४ इंच. उरलेल्या दहा इंचांतून चार इंच रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी ३८ इंच लांब, मधोमध कापली की १९ इंचांचे दोन पट्टे. दोन थैल्यांना चार पट्टे हवेत, चारच मिळतात. धुऊन पन्हा ४२ वर आला तरी हिशेब बसतो. दहा थैल्यांना अशा पाच ओळी, म्हणजे १९० इंच. आटण धरून साडेपाच मीटर घ्या.

पट्टे कापडाच्या लांबीतूनच, उभ्या धाग्यात कापा. आडव्या धाग्यात कापलेला पट्टा वजनाने लांबत जातो. कापड हातात धरून दोन्हीकडून ओढून बघा, ज्या दिशेला कमी ताणतं ती उभ्या धाग्याची.

अंगाचा १७ बाय ३८ चा तुकडा, तोही तळाला घडी असलेला. आत खिसा हवा असेल तर तो आत्ताच, तुकडा सपाट असतानाच लावा. ब्लाउजपिसाचा एक चौकोनी तुकडा, चारी कडा दुमडून, तीन बाजूंनी टीप. वरच्या कडेपासून निदान पाच इंच खाली, नाहीतर पट्ट्याच्या टिपेत अडकेल.

बगलेला दुहेरी शिवण घालू, टेलर जिला फ्रेंच शिवण म्हणतात ती. कच्ची कड तिच्या पोटात बंद होते, पिको लागत नाही. आणि वजन दोन टिपांवर विभागलं जातं. नेहमीच्या उलट, सुलट बाजू बाहेर ठेवून तुकडा दुमडा. पाव इंचावर पहिली टीप मारा. बाहेर राहिलेली माया कात्रीने निम्मी करा, लोंबणारे धागे साफ करा. मग थैली उलटी करा, शिवण बोटांनी कडेला आणून इस्त्री करा आणि पुन्हा पाव इंचावर टीप मारा. पहिली माया निम्मी केली नसेल तर तिचे धागे दुसऱ्या टिपेतून मिशांसारखे बाहेर डोकावतात, आणि मग सगळं उसवा. जीन्सला ही शिवण घालू नका. थर इतके होतात की सुई अडते. तिथे अर्धा इंच माया सोडून साध्या दोन टिपा आणि वर पिको.

आता तळ. थैली उलटीच असू द्या. तळाचा एक कोपरा असा चपटा करा की बगलेची शिवण तळाच्या घडीवर बरोबर मधोमध येईल. कोपऱ्याचा त्रिकोण दिसेल. टोकापासून शिवणीवर दोन इंच मोजा, तिथे शिवणीला काटकोनात रेघ ओढा. रेघ चार इंच भरली तर सगळं नीट जुळलं आहे. कमी-जास्त भरली तर कोपरा तिरका बसला आहे, परत चपटा करा. रेघेवर दोनदा टीप मारा. दुसरा कोपराही तसाच.

पुष्कळ जणी इथे त्रिकोण कापून टाकतात. मी कापत नाही. तो तळाकडे वळवून टोक तळाला दोन-चार टाक्यांनी अडकवते. वजन जिथे बसतं त्या तळाला दोन्ही टोकांशी फुकटचा दुसरा थर मिळतो आणि उसवायला कच्ची कडही राहत नाही. तयार थैलीचा तळ बारा बाय चार इंच होतो आणि उंची पंधरा. डबा सरळ बसतो, वरणाचा असला तरी.

पट्ट्याचं मूळ

वर म्हटलं ती कसूर माझ्याही हातून झाली आहे. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री घ्यायला कॉटन मार्केटला गेले होते. थैली माझ्याच हातची, तीन महिन्यांची, वरून देखणी. रिक्षापर्यंत पोचायच्या आत डावा पट्टा सुटला आणि संत्री चिखलात चारी दिशांना पळाली. घरी येऊन बघितलं तर टीप शाबूत होती, कापडच फाटलं होतं. पट्टा एकेरी कापडाला आडव्या एकाच टिपेने जोडला होता, म्हणजे सगळं ओझं एका ओळीतल्या आठ-दहा भोकांवर. काकूंनी थैली हातात घेतली आणि म्हणाल्या, "टीप कितीबी मार, खाली कापड पायजे न तिले धरायले."

तेव्हापासून पट्टा नेहमी दुमडीत लावते. चार इंचांचा पट्टा नाडीसारखाच चार थरांत दुमडा, एक इंचाचा होईल. दोन्ही कडांना टीप. थैलीचं तोंड आतल्या बाजूला आधी अर्धा इंच, मग दीड इंच दुमडून इस्त्री करा, टाचण्या लावा. दोन्ही बगलांच्या शिवणीपासून साडेचार इंचांवर खूण करा. पट्ट्याची बाहेरची कड तिथे येईल. पट्ट्याचं टोक दुमडीच्या खालच्या कडेखाली अर्धा इंच सरकवा, पट्टा खालच्या बाजूला लोंबत राहू द्या. पट्ट्याला पीळ पडलेला नाही ना, हे इथेच बघून घ्या. दुसरं टोक लावल्यावर कळलेला पीळ फार छळतो.

दुमडीच्या खालच्या कडेला लागून सबंध गोल टीप मारा. पट्ट्याची टोकं तीत बंद होतात. आता पट्टे वर उलटवा, म्हणजे ते दुमडीवरून चढून थैलीच्या तोंडावर येतात. तोंडाच्या वरच्या कडेला लागून दुसरी गोल टीप. मग जिथे पट्टा दुमडीवर बसला आहे तिथे लांबट चौकोन शिवा आणि त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. दोरा न तोडता, प्रत्येक कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली ठेवून फूट, म्हणजे मशीनचा कापड दाबणारा पाय, उचला, कापड वळवा, फूट खाली, पुढे. चार मुळं, चार चौकोन, चार फुल्या. आता ओझं आठ-दहा भोकांवर नसून थरांच्या सबंध चौकोनावर पडतं.

जाड थरांवर जुनी मशीन अडखळली तर पायाने रेटू नका. हाताने चाक फिरवत ते पाच-सहा टाके पार करा. टिपेखाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. बॉबिनला दोष देण्याआधी वरून परत ओवून बघा.

झाली थैली. आता तिची परीक्षा. पाच किलो तांदूळ किंवा संत्री भरून रात्रभर दाराच्या कडीला टांगा. सकाळी पट्ट्याच्या मुळाशी उजेडात बघा. टाक्यांची भोकं लांबट झालेली दिसली तर खाली आतून जीन्सचा दोन इंची चौकोन लावून परत फुली मारा. प्रत्येक थैली टांगायची गरज नाही, त्या कापडाची पहिली थैली टांगली की पुरे.

जुन्या साडीचं गाठोडं

मशीनच नसेल त्यांच्यासाठी. सुती साडीचा चांगला भाग निवडून चोवीस इंचांचा चौकोन कापा, कडा बारीक दुमडून हाताने धावदोरा घाला. डबा मधोमध तिरपा ठेवा, समोरासमोरची दोन टोकं डब्यावरून आणा, उरलेल्या दोन टोकांची दुहेरी गाठ. चौकोनाचा कर्ण डब्याच्या लांबीच्या तिप्पट असावा, गाठीला कापड पुरतं. चोवीस इंची चौकोनाचा कर्ण चौतीस इंच, म्हणजे अकरा इंचांपर्यंतचा डबा. पुढे ते पोळ्यांच्या डब्यात खाली घालायला, भाजी निवडायला, कशालाही.

पंचवीस एकदम करायच्या तर

एकेक थैली पुरी करत बसलात तर रथसप्तमी येईल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापड धुऊन ठेवा. एका दिवशी फक्त कापा, दुसऱ्या दिवशी फक्त इस्त्रीच्या घड्या आणि नाड्या. नाड्या हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, ते टीव्हीसमोर. मग सगळ्या बगला एकामागोमाग एक, मधला दोरा न तोडता. पोटल्यांची माळ तयार होते, नंतर कात्रीने सोडवायची. दोऱ्याचा रंग एकच ठेवा, करडा. तो बहुतेक कापडांवर खपून जातो आणि बॉबिन बदलत बसावं लागत नाही. माझी पहिली पोटली दीड तासाची होती. माळेत शिवल्या तेव्हा एका दुपारी आठ झाल्या. नेफे मात्र सावकाश शिवा, कारण सगळ्या नजरा तोंडावर जातात.

भरताना एवढं सांभाळा. तिळाचा लाडू थेट कापडात ठेवू नका, तेल सुटतं आणि डाग जात नाही, शिवाय जरीचं किंवा गडद रंगाचं कापड खाण्याला लागू नये. लाडू बटर पेपरमध्ये किंवा लहान डबीत. कुंकवाचं पाकीट वेगळ्या कागदात, कारण ते फुटलं की पोटली कायमची लाल. मोठी थैली रिकामी देत असाल तर पट्टे आत घालून चार घड्या करा आणि त्यावर एक नाडी बांधा. नऊ नाड्यांतली ती उरलेली इथे कामी येते. कागदाच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: गडद रंग पहिल्यांदा वेगळा धुवा, आणि पाच किलोपर्यंत भरा. काकूंनी त्यांच्या चिठ्ठीवरचा पाच खोडून सात केला आहे, आणि अजून तरी त्यांची थैली फाटलेली नाही.